दारू सुटल्यानंतरचे तीन दिवस : जुन्नर-आंबेगावात संकट-केंद्राचा पैसा कुठून यावा?

गटारी झाली की आपल्याकडे बऱ्याच घरांत दारू बंद होते. श्रावण पाळायचा असतो, चांगलंच आहे. पण जो माणूस दहा-पंधरा वर्षं सकाळपासून पितोय, त्यानं एका दिवसात बाटली ठेवून दिली तर काय होतं बघा. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भिंतीवर किडे दिसायला लागतात, घरचं माणूस ओळखू येत नाही. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलंय, देवऋषाकडे न्या. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो.

आता हे आहुप्यासारख्या घाटमाथ्यावरच्या गावात, रात्री दोन वाजता घडलंय असं समजा. 108 ला फोन लावायचा, घोडेगाव, मग मंचरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथून पुण्याला पाठवलं तर आणखी साठेक किलोमीटर, आणि वाटेत चाकण. चाकणची वाहतूक तुम्हाला मी सांगायला नको.

गंमत अशी, की लागणारी औषधं महाग नाहीत. डायझेपाम किंवा लोराझेपाम, आणि थायमिनचं इंजेक्शन. हे थायमिन ग्लुकोजच्या आधी द्यायचं, सलाईन लावायच्या घाईत नेमकं तेच राहून जातं. खर्च आहे तो माणसांचा : रात्रभर दर तासाला नाडी बघणारी परिचारिका आणि फोनवर उपलब्ध असणारा मानसोपचारतज्ज्ञ.

आपल्याकडे पैसा येतो तो मात्र पुनर्वसनाला. केंद्राचं सामाजिक न्याय मंत्रालय व्यसनमुक्ती केंद्रं चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देतं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं राहिलेलं. त्या कामाबद्दल आदरच आहे. पण तिथे आठवडेच्या आठवडे राहायचं असतं, आणि त्याआधी माणूस जिवंत तर राहिला पाहिजे ना! 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलाही उपचार मिळालेला असतो.

मग पैसा कुठला? राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींहून जास्त मिळतात. त्यातला ठरावीक हिस्सा तालुक्याच्या रुग्णालयांना बांधून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर जिल्हा नियोजन समिती आहे. पश्चिम पट्ट्यातल्या पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट मिळतो आणि आरोग्य हे त्यात बसणारं काम आहे. रात्रीच्या गाडीचं भाडं ग्रामसभा त्यातून ठरवू शकते. शिवाय 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकार आपल्या व्याख्येत घेतलेत, त्यामुळे सरकारी रुग्णालयाला "हा दारुडा आहे, आमचं काम नाही" असं म्हणता येत नाही.

गडचिरोलीत 2016 पासून 'मुक्तिपथ' चाललं, शासन, टाटा ट्रस्ट्स आणि 'सर्च' यांच्या एकत्र पैशातून. तिथे तालुक्याच्या गावी व्यसन उपचाराचं क्लिनिक निघालं, पेशंटला जिल्ह्याला जावं लागलं नाही. यातून घ्यायचं ते हे. फक्त एक काळजी : ट्रस्टचा पैसा मुदतीचा असतो. प्रशिक्षण, गावोगावची शिबिरं त्यावर चालवा. परिचारिकेचा पगार त्यावर टांगून ठेवू नका.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली, "आम्ही नारायणगावात वर्गणी काढून इमारत बांधू का?" बांधू नका. इमारतीवर देणगीदाराचं नाव लागतं, पगारावर लागत नाही, म्हणून सगळे इमारतीच बांधतात. मंचरला दोन आणि जुन्नरला दोन खाटा मागा. रात्रपाळीची दोन-दोन माणसं मागा. आणि श्रावण लागायच्या आठवडाभर आधी आशाताईंना सांगा, की गावात रोज पिणारा कोणी अचानक दारू सोडणार असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे घेऊन जा.