चाकोरी, घाट आणि न्यायालय : महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यत

आखूड धावपट्टीवर भरणाऱ्या प्रादेशिक शर्यतींची महाराष्ट्रातील जिवंत परंपरा बैलांची आहे, आणि तिचे नियम जिल्ह्यागणिक बदलतात.

पुणे जिल्ह्यात ती 'घाटा'त, म्हणजे चढत्या धावपट्टीवर भरते; तेथे एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी धावते आणि निकाल सेकंदांवर ठरतो. सातारा-सांगलीकडे मात्र अनेक जोड्या शेजारशेजारच्या 'चाकोऱ्यां'तून, म्हणजे आखलेल्या पट्ट्यांतून, एकदम सुटतात आणि गटविजेते उपांत्य फेरीतून अंतिम फेरीत पोहोचतात. प्रेक्षकाला हाच प्रकार अधिक रंगतदार वाटावा.

अलिबागच्या पट्ट्यात शर्यती समुद्रकिनाऱ्यावरही होतात. ओहोटीनंतर उघडी पडणारी ओली, घट्ट वाळू चाक रुतू देत नाही.

केंद्राने जुलै 2011 मध्ये बैलाचा समावेश प्रदर्शनास वा खेळास मनाई असलेल्या प्राण्यांत केला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती अवैध ठरवल्या. राज्याने 2017 मध्ये शर्यतींना मुभा देण्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली खरी, पण उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे शर्यती प्रत्यक्षात 16 डिसेंबर 2021 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतरच सुरू झाल्या. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरवली. मात्र बैलास इजा करणाऱ्यास तिच्यात 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद आहे, याचा उल्लेख जल्लोषात क्वचितच झाला.