बाहेर सरकणारा डोळा आणि जादा उणे नंबर

काही मुलांचा एक डोळा दमल्यावर किंवा लांब बघताना अधूनमधून कानाच्या बाजूला सरकतो. हे भाग्याचं लक्षण वगैरे काही नाही, तपासून घ्यावं. यावर कधी गरजेपेक्षा जास्त उणे नंबरचा चष्मा देतात. मग स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्याला आतलं भिंग फुगवावं लागतं आणि त्या प्रयत्नासरशी डोळे आपोआप आत वळतात. युक्ती नामी, पण उसनी. अमेरिकेत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ३८६ मुलांच्या चाचणीत चष्मा असेपर्यंत डोळा जास्त ताब्यात राहिला, सुटल्यावर फायदा टिकला नाही. शिवाय वर्षभरात १७ टक्के मुलांचा उणे नंबर एकाहून जास्त वाढला. नेहमीचा चष्मा वापरणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होतं. तेव्हा असा चष्मा सुचवला, तर नंबर वाढण्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारा.