मिरवणुकीतून आल्यावर कानात कुईं वाजतं, सकाळी थांबतं… मग कान बरे झाले का?

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला मी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर चार तास उभी होते. रात्री घरी येऊन पडले आणि लक्षात आलं, कानात काहीतरी वाजतंय. बारीक, न थांबणारं कुईंऽऽ. आई शेजारच्या खोलीतून काहीतरी विचारत होती, ते पाण्याखालून बोलल्यासारखं येत होतं. सकाळी उठले तर सगळं गायब. कानाला दडे बसले होते, सुटले. विषय संपला.

माझा एक मित्र ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याला हे सांगितलं तर तो हसला. म्हणाला, "आम्हाला सरावाच्या महिन्यात रोजचंच आहे. होते सवय."

ही 'सवय' म्हणजे नेमकं काय, हे शोधायला बसले आणि जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं. कारण हा मामला फक्त मिरवणुकीचा नाही, तुमच्या कानात आत्ता असलेल्या इअरबड्सचाही आहे.

कानात नक्की काय होतं?

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो, कॉक्लिया. त्यात प्रत्येक कानाला साधारण 15 हजार केशपेशी असतात. नावाप्रमाणे त्यांच्या टोकाला केसांसारखे बारीक तंतू असतात. आवाज आला की कॉक्लियातला द्रव हलतो, तंतू वाकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. वाऱ्यावर भाताचं शेत डोलतं तसं समजा. झुळूक आली, रोपं वाकली, परत उभी राहिली. मोठा आवाज म्हणजे वादळ. रोपं आडवी होतात. काही सकाळपर्यंत उभी राहतात, काही राहत नाहीत.

भात पुढच्या पावसाळ्यात परत लावता येतो. केशपेशींचं तसं नाही. माणसाच्या कानात मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही. जन्माला येताना जेवढ्या मिळाल्या, तेवढ्यावरच आयुष्य काढायचं.

मग सकाळी माझा कान मोकळा झाला, ते काय होतं? बऱ्याचशा पेशी सावरल्या, एवढंच. शिवाय 2009 साली शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांवर केलेल्या अभ्यासात एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. मोठ्या आवाजानंतर उंदरांची ऐकण्याची पातळी काही दिवसांत पूर्ववत झाली. पण केशपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे बरेच दुवे कायमचे तुटले होते. म्हणजे तपासणीत कान ठणठणीत, पण आतली वायरिंग कमी झालेली. माणसांमध्ये हे किती प्रमाणात होतं यावर अजून संशोधन सुरू आहे. तरीही 'सकाळी बरं वाटलं' हा पुरावा म्हणून फारच कच्चा आहे.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. आवाजामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा सगळं एकदम मंद होत नाही. आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात, साधारण 3 ते 6 हजार हर्ट्झचे. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख याच भागात असते. त्यामुळे माणसाला वाटतं, मला ऐकू येतंय, पण लोकच हल्ली नीट बोलत नाहीत. हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, गोंगाटात शब्द निसटायला लागतात. 'काय म्हणालास?' वाढतं. ते कानांमुळे आहे, हे कळायला कधीकधी काही वर्षं जातात.

आवाजाचाही कोटा असतो

इथे थोडं गणित आहे, पण ते समजलं की बाकी सगळं सोपं होतं. डेसिबल हे साधं माप नाही. फक्त 3 डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतं. 83 झाले की 20 तास. 86 ला 10. असं करत 100 डेसिबलपर्यंत गेलात की अख्ख्या आठवड्याचा कोटा फक्त 20 मिनिटांचा उरतो.

आता माझा हिशेब करा. पुण्यातल्या सीओईपीचे विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात आणि काही वर्षी तो सरासरी शंभरच्या वर गेलेला आहे. शंभरच धरू. चार तास म्हणजे 240 मिनिटं, म्हणजे 12 आठवड्यांचा कोटा. अनंत चतुर्दशीला एका बैठकीत मी मार्गशीर्षापर्यंतचे कान वापरून टाकले!

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेलं आहे. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, फार तर वर्षातले 15 दिवस राज्य सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकतं. कोणी पाळत नसेल तर 112 वर तक्रार करता येते. पण पोलीस येईपर्यंत कान तुमचेच असतात.

हेडफोनची गोष्ट वेगळी, कारण तिथे डीजे आपण स्वतःच असतो. लोकलमध्ये गाणं ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवतो आणि स्टेशनवर उतरल्यावर तो कमी करायला विसरतो. 'आवाज 60 टक्के, वेळ 60 मिनिटं' हा नियम सगळीकडे फिरतो. तो वाईट नाही, पण एका फोनचे 60 टक्के आणि दुसऱ्याचे 60 टक्के सारखे नसतात. त्यापेक्षा फोनलाच विचारा. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये तुम्ही किती डेसिबलवर ऐकलंत याची नोंद असते आणि सेटिंगमध्ये कमाल मर्यादा घालता येते. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही मर्यादेची सोय आहे. नॉइज कॅन्सलेशन असलेले हेडफोन ट्रेनची घरघर कापतात, त्यामुळे गाणं कमी आवाजात पुरतं. रस्ता किंवा रूळ ओलांडताना मात्र ते काढाच.

कापसाचा बोळा चालतो का?

नाही. म्हणजे नसण्यापेक्षा बरा, पण कापूस आवाज फारच कमी अडवतो. औषधांच्या दुकानात किंवा ऑनलाइन फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात. ते नुसते कानात टेकवले तर उपयोग नाही, आणि बहुतेक जण तेच करतात. बोटांनी वळून बारीक वात करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुलेपर्यंत बोटाने धरून ठेवा. नीट बसला तर 15 डेसिबल सहज कमी होतात. वरचं गणित आठवा: 3 डेसिबल कमी झाले की वेळ दुप्पट. 15 कमी म्हणजे 32 पट, 20 मिनिटांचे साडेदहा तासांहून थोडे जास्त. प्लग न घालताही लांब सरकलात तरी फरक पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. गल्लीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे तिथे एवढा फायदा नाही.

आणि मिरवणुकीत खांद्यावर बसवलेल्या लहान मुलांचं बघा. त्यांची मर्यादा मोठ्यांपेक्षा कमी, 75 डेसिबल धरतात. त्यांना प्लगपेक्षा कानावर बसणारे इअरमफ लावणं सोपं.

कुईं आवाज एक-दोन दिवसांत गेला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, कारण त्यावरचे उपचार जितके लवकर तितके चांगले. गायिका अलका याज्ञिक यांनी 2024 मध्ये अचानक ऐकू येईनासं झाल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या बाबतीत कारण विषाणूसंसर्ग होतं, तरी त्याच पोस्टमध्ये त्यांनी मोठा आवाज आणि हेडफोनबद्दल सावध केलं होतं.

मित्राला मी जबरदस्तीने ऑडिओमेट्रीला नेलं. काचेच्या खोलीत बसायचं, बीप ऐकू आला की बटण दाबायचं, दुखत-खुपत काही नाही. आलेखात दोन्ही कानांची रेघ 4 हजार हर्ट्झला खाली गेली होती. वय 26. डॉक्टरांनी विचारलं, "कारखान्यात काम करता का?"

यंदा सरावाला तो प्लग घालून जातोय. पहिले दोन दिवस ताल चुकला, पथकातले हसले. तिसऱ्या दिवशी दोघांनी विचारलं, कुठे मिळतात रे हे?