ढालीवरची ओळख

शाळेतला फळा काळा आणि खडू पांढरा का? मागे बसलेल्या पोरालाही अक्षर दिसावे म्हणून. युरोपातल्या सरदारांच्या कुलचिन्हांचा मुख्य नियम असाच आहे.

बाराव्या-तेराव्या शतकांत तिकडचे स्वार चिलखत घालून लढत. शिरस्त्राणाने तोंड झाकलेले. मग आपला कोण नि परका कोण? म्हणून ढालीवर ठळक खूण काढण्याची चाल पडली. पुढे ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि कुळाची ठरली.

या खुणांच्या शास्त्रात सोनेरी आणि रुपेरी यांना ‘धातू’ म्हणतात. पिवळा आणि पांढरा त्यांच्या जागी चालतात. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. नियम असा, की रंगावर रंग नको, धातूवर धातू नको. निळ्यावर काळे काढले तर लांबून काय दिसणार? दुसरी गोष्ट, ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्याची उजवी. बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. तिसरी गोष्ट, एका राज्यात दोन परक्या घराण्यांची खूण एकच नसावी.

या तिसऱ्या नियमावरून इंग्लंडात मोठा तंटा झाला. 1385 साली राजा दुसरा रिचर्ड याच्या स्कॉटलंडवरील स्वारीत सर रिचर्ड स्क्रूप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर या दोघांच्याही ढालीवर एकच खूण निघाली : निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. दावा सरदारांच्या न्यायासनापुढे गेला. शेकडो साक्षी झाल्या. 1386 साली कवी चॉसरनेही साक्ष दिली. तो म्हणाला, लंडनच्या एका रस्त्यात ही ढाल टांगलेली पाहून मला ती स्क्रूपचीच वाटली. विचारले तेव्हा ग्रोव्हनरचे नाव कळले, ते मी पूर्वी कधी ऐकलेच नव्हते!

1389 साली निकाल स्क्रूपच्या बाजूने लागला. ग्रोव्हनरला मात्र ढालीच्या कडेने रुपेरी काठ लावून तोच पट्टा वापरण्याची मुभा मिळाली. 1390 साली राजाने तीही काढून घेतली. असा काठ त्याच कुळातल्या भाऊबंदाने लावावा, परक्याने नव्हे, असे कारण दिले.

मग ग्रोव्हनरने काय केले? निळ्या ढालीवर गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. रंगावर धातू, नियम सांभाळला. त्या घराण्याच्या ढालीवर ती पेंढी आजही आहे. पट्टा गेला, पण ओळख स्वतःची झाली.