अल्पखर्चिक ग्राफिक डिझाइन प्रणालीची निवड : मराठी नवशिक्याच्या दृष्टिकोनातून

प्रास्ताविक

महाविद्यालयाचे भित्तिपत्रक, गणेशोत्सव मंडळाचा फलक, बचत गटाच्या लोणच्याच्या बाटलीवरील लेबल, घरच्या कार्याची निमंत्रणपत्रिका ही कामे पूर्वी गावातील डीटीपी केंद्राकडेच सोपविली जात. आज अनेक विद्यार्थी व लहान व्यावसायिक ती स्वतःच्या संगणकावर करू पाहतात. अशा नवशिक्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कोणती प्रणाली घ्यावी हा, आणि त्याचे उत्तर तो बहुधा किमतीत शोधतो. किंमत महत्त्वाची आहेच. परंतु ज्याला मराठीत काम करावयाचे आहे त्याच्यासाठी त्याहून महत्त्वाचा निकष म्हणजे ती प्रणाली देवनागरी लिपी कशी हाताळते आणि आज केलेले काम दहा वर्षांनी उघडता येईल काय, हा होय. प्रस्तुत लेखात याच निकषाच्या आधारे उपलब्ध पर्यायांचा विचार केला आहे.

स्वस्त आणि फुकट यांतील भेद

मराठी डीटीपी व्यवसायात कोरलड्रॉ ही प्रणाली दीर्घकाळ रूढ आहे. १९८९ साली ती प्रथम बाजारात आली. ॲडोबी कंपनीच्या फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन या प्रणालीही व्यावसायिकांच्या परिचयाच्या आहेत. परंतु २०१३ पासून ॲडोबीने आपल्या या प्रणालींच्या नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीच्या स्वरूपात देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे वर्गणी थांबली की वापरही थांबतो. नवशिक्याला हा भार पेलत नाही आणि मग ‘कुणाकडून तरी’ मिळविलेली प्रत संगणकावर चढविली जाते.

हा मार्ग वाटतो तितका स्वस्त नाही. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रणालीची अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. वापर आर्थिक लाभासाठी अथवा व्यवसायासाठी नसल्यास न्यायालय कारावास न देता ५० हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते. अशा प्रतींबरोबर संगणकात शिरणारे विषाणू हा आणखी वेगळा विषय.

याउलट मुक्त प्रणाली केवळ विनामूल्य नसतात. त्यांचा मूळ कोड सर्वांना खुला असतो, प्रती वाटण्यास परवानगी असते आणि त्या कितीही संगणकांवर बसविता येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील तीस यंत्रांचा विचार केल्यास हा भेद किती मोठा आहे हे सहज ध्यानात येईल.

देवनागरीची कसोटी

या प्रश्नाचा खरा गाभा येथे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी जुन्या पद्धतीच्या टंकांवर चालत असे. त्या टंकांमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांची ती एक विस्कळीत माळ होती आणि विशिष्ट टंक लावला की ती मराठी दिसे. शिवाय प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी. टंक बदलला अथवा संगणकावरून नाहीसा झाला की मजकुराचा अर्थही नाहीसा होई.

प्रस्तुत लेखकाने एका विभागाच्या जुन्या स्मरणिकेचा मजकूर पुन्हा वापरण्याचा प्रयत्न केला होता. फाइल सुरक्षित होती, ती उघडलीही. परंतु ज्या टंकात ती जुळविली होती तो कोणाकडेच उरला नव्हता. पडद्यावर स्वल्पविराम, कंस आणि इंग्रजी अक्षरे यांचा खच पडला. त्यात एका दिवंगत प्राध्यापकांचा दीर्घ लेख होता. छापील प्रत मिळाली म्हणून तो पुन्हा टंकलिखित करता आला; ती नसती तर तो कायमचा गेला असता.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा स्थिर क्रमांक आहे. त्यामुळे टंक कोणताही असो, मजकूर मराठीच राहतो. मात्र येथे प्रणालीवर एक जबाबदारी येते. ‘कि’ लिहिताना संगणकाच्या स्मृतीत आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी साठविली जाते. पडद्यावर ती वेलांटी डावीकडे नेणे, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर चढविणे, जोडाक्षर जुळविणे ही कामे प्रणालीतील अक्षररचना यंत्रणेला करावी लागतात. ती यंत्रणा नसेल, तर वेलांटी भलत्याच जागी जाते आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी पडतात.

म्हणून कोणतीही प्रणाली स्वीकारण्यापूर्वी तिच्यात ‘दुसऱ्या’, ‘कर्तृत्व’, ‘हृदय’, ‘क्षितिज’, ‘निर्मिती’, ‘श्रद्धा’ एवढे शब्द युनिकोडमध्ये टंकलिखित करून पाहावेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा र ही तर मराठीची खास ओळख, हिंदीपुरता विचार करून घडविलेले काही टंक तेथेच अडखळतात. ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. त्यानंतर तोच मजकूर पीडीएफमध्ये उतरवून पुन्हा तपासावा, कारण पडद्यावर नीट दिसलेले अक्षर तेथे बिघडू शकते.

उपलब्ध पर्याय

प्रणाली निवडण्यापूर्वी कामाचे स्वरूप ओळखावे. छायाचित्र हे बिंदूंचे बनलेले असते. ते मोठे केले की फाटते. बोधचिन्ह, पत्रिका, फलक यांसाठी व्हेक्टर पद्धत उपयुक्त, कारण तिच्यात आकृती गणिती रेषांनी साठविली जाते आणि व्हिजिटिंग कार्डापासून दहा फुटी फ्लेक्सपर्यंत कोणत्याही आकारात ती स्वच्छ राहते.

व्हेक्टर कामासाठी इंकस्केप ही मुक्त प्रणाली नवशिक्याने प्रथम घ्यावी, असे आमचे मत आहे. तिचा प्रारंभ २००३ साली झाला आणि १.० ही आवृत्ती २०२० मध्ये आली. युनिकोड देवनागरी ती व्यवस्थित जुळविते. तिच्या फाइली एसव्हीजी या खुल्या, प्रमाणित स्वरूपात असल्याने त्या एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीत. कोरलच्या काही फाइलीही तिच्यात उघडतात. पण मांडणी जशीच्या तशी येईल अशी अपेक्षा ठेवू नये.

छायाचित्रांसाठी गिंप आहे. १९९५ साली बर्कली येथील दोन विद्यार्थ्यांनी तिचे काम आरंभिले. फोटोशॉपची सवय असलेल्यास ती प्रारंभी परकी वाटते. ज्याला कोणतीच सवय नाही त्याला हा अडथळा नाही. स्मरणिका, वार्षिक अंक अशा बहुपृष्ठी कामासाठी स्क्रायबस उपयोगी पडते. तिची २०२४ मधील १.६ ही आवृत्ती किंवा त्यापुढील घ्यावी; फार जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची रचना नीट होत नसे. हाताने रेखाटन करणाऱ्यांसाठी क्रिता आहेच.

कॅनव्हा २०१३ साली सुरू झाली. सिद्ध नमुन्यांमुळे पहिल्याच दिवशी दाखविण्याजोगे काम हाती येते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिच्या वापरास आंतरजाल लागते, अनेक चित्रे वर्गणीदारांपुरती असतात आणि एसव्हीजी उतरवून घेण्याची सोयही सशुल्क आहे. घाईच्या कामास ती चालेल. शिकण्यासाठी मात्र ती अपुरी पडते, कारण निर्णय आधीच कुणीतरी घेतलेले असतात. ॲफिनिटी ही पूर्वी एकरकमी विकत मिळणारी प्रणाली २०२४ मध्ये कॅनव्हाने घेतली आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून ती विनामूल्य झाली. ती गुणवान आहे, यात शंका नाही. तथापि २०२२ मधील तिच्या दुसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरांची सोय नव्हती. त्यामुळे नवी आवृत्तीही वरील कसोटीवर स्वतः पारखूनच घ्यावी.

टंकांसाठी खर्च करण्याचे कारण उरलेले नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले ‘मुक्ता’ व ‘बलू’, आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’, तसेच मराठी वळणाचा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून व्यावसायिक कामातही वापरता येतात.

छपाईसंबंधी

पडद्यावरील रंग तांबडा, हिरवा व निळा या प्रकाशांचे असतात. छपाई निळसर, गुलाबी, पिवळी व काळी या चार शाईंनी होते. इंकस्केप व गिंप ही मुख्यतः पहिल्या पद्धतीत काम करतात. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मळकट उतरू शकतो. रंग काटेकोर हवे असतील, तर रचना स्क्रायबसमध्ये आणून तेथून चाररंगी पीडीएफ काढावी. छायाचित्रासाठी इंचास ३०० बिंदू धरावेत. पूर्ण ए-४ पानाचे चित्र त्या हिशेबाने २४८० × ३५०८ बिंदूंचे असावे लागते. मोबाइलवर फिरून आलेले चित्र बहुधा येथेच बाद होते.

मुद्रक बहुधा ‘कर्व्ह करून आणा’ असे सांगतो. म्हणजे अक्षरांचे आकृतीत रूपांतर करून फाइल द्यावयाची, जेणेकरून त्याच्याकडे टंक नसला तरी अक्षर बिघडणार नाही. इंकस्केपमध्ये ही सोय ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ या आज्ञेने होते. ते केल्यावर मजकुरात दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मूळ फाइलची दुसरी प्रत करून तिच्यावरच हा प्रयोग करावा आणि मुहूर्ताची वेळ बदलली असा निरोप येईपर्यंत मूळ प्रत पुसू नये.