बंद कधी पडतो?

सकाळी ९.१५

शटर वर गेलं की आधी टेबल पुसायचं, अँटिस्टॅटिक चटई सरळ करायची आणि रात्रभर टेस्टला लावलेल्या लॅपटॉपकडे बघायचं. काल एका काकांचा लॅपटॉप निळा पडदा दाखवून बंद पडत होता. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक खाचेत नीट बसलेली नव्हती. ती काढली, टोकं पुसली, परत बसवली आणि मेमटेस्ट चालू ठेवून घरी गेलो. चार फेऱ्या झाल्या, एरर शून्य. काकांना फोन केला, "घेऊन जा."

माझं दुकान पुण्यात, टिळक रोडच्या मागच्या एका गल्लीत आहे. आजूबाजूला मेस, झेरॉक्स आणि अभ्यासिका. माझ्या रजिस्टरमध्ये नाव, मॉडेल आणि तक्रार यांच्यापुढे एक रकाना मी मुद्दाम आखून घेतलाय, "कधी". लॅपटॉप बंद पडतो एवढं ऐकून काहीच कळत नाही. कधी पडतो हे कळलं की निम्मं काम झालं.

९.४५

पहिलंच गिऱ्हाईक लातूरकडची मुलगी. दिवसा अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास, रात्री डेटा एंट्रीचं काम. मेसचे पैसे त्यातूनच निघतात.

"दादा, सारखा बंद पडायलाय. एका दुकानात विंडोज नवीन टाकून दिलं, बॅटरी पण बदलली. दोन दिवस बरा चालला, परत तेच."

मी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. विचारत गेलो. चार्जर लावलेला असताना पडतो की बॅटरीवर? दोन्हीवर. निळा पडदा येतो की एकदम काळा? एकदम काळा, जणू दिवे गेले. लगेच चालू केला तर?

"दोन मिनिटांत परत जातो. जेवून आल्यावर मात्र नीट चालतो."

थांबल्यावर चालतो म्हणजे संशय उष्णतेवर. "रात्री कुठं ठेवून काम करतेस?"

"पलंगावर, गोधडीवर. खोलीत चौघी आहोत, टेबल एकच."

"कधी" च्या रकान्यात लिहिलं : रात्री, गोधडीवर, अर्ध्या तासात.

१०.१५

आधी बॅकअप. फाइल लिहिली जात असताना वीज तुटली तर फाइल खराब होऊ शकते, आणि आज तपासणीसाठी हा लॅपटॉप मलाच मुद्दाम बंद पाडायचा आहे. तिचं काम आणि नोट्स बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, चार फाइली उघडून तिला दाखवल्या.

मग इव्हेंट व्ह्यूअर. विंडोज नवीन टाकल्यापासून क्रमांक ४१ ची, "कर्नल-पॉवर" नावाची नोंद एकवीस वेळा. या नावातला "पॉवर" शब्द वाचून कित्येक लोक चार्जर नाहीतर बॅटरी बदलतात. खरं तर ही नोंद एवढंच सांगते की मागच्या वेळी लॅपटॉप रीतसर बंद झाला नव्हता. ती उघडून आत बगचेक कोड बघावा लागतो. तिथे आकडा असेल तर विंडोज कोसळलं होतं. रॅम, ड्रायव्हर, डिस्क तपासायची. शून्य असेल तर बहुतेक वेळा विंडोजला काही लिहायलाही सवड मिळालेली नसते. हिच्या एकवीसही नोंदींत शून्य.

बॅटरीचा अहवालही काढला. "पॉवरसीएफजी", पुढे "बॅटरीरिपोर्ट" असा आदेश दिला की विंडोज स्वतःच तो तयार करून देतं. मूळ क्षमता आणि आता भरणारी क्षमता जवळजवळ सारखी. बॅटरी उत्तम आहे. जुनी बॅटरी तिच्या पिशवीत होती, तीही चढवून पाहिली. मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्के अजून भरत होती. ती बदलायची गरज नव्हती. हे तिला सांगताना मला वाईट वाटलं. त्या पैशात तिची महिन्याभराची मेस झाली असती.

११.००

लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू केलं आणि प्रोसेसरवर पूर्ण भार टाकला. पंखा जोरात घोंघावायला लागला. टिश्यू पेपरची पट्टी हवा बाहेर पडते त्या जाळीसमोर धरली, तर ती जेमतेम हलली. आवाज आहे, वारा नाही. आकडा ९७ अंशांवर गेला, नवव्या मिनिटाला पडदा काळा.

बहुतेक लॅपटॉपच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे पोचला की तो आधी आपला वेग कमी करतो. तरीही उष्णता वाढत राहिली, तर हार्डवेअरच वीज तोडतं, विंडोजला विचारत बसत नाही. म्हणून नोंदीत शून्य. लॅपटॉप इथे बिघडलेला नसतो. जळण्यापासून स्वतःला वाचवत असतो.

१२.००

बँकेतल्या एक ताई आल्या. "टाइप करता करता मध्येच बंद पडतो." परत चालू केल्यावर आधी उघडलेलं सगळं तसंच असतं का, विचारलं. "हो, तसंच." मग तो बंद पडत नाही, झोपतो. त्यांना माझ्यासमोर टाइप करायला सांगितलं. डाव्या मनगटात ब्रेसलेट होतं, चुंबकाच्या फाशाचं. झाकण मिटलं हे ओळखायला बऱ्याच लॅपटॉपमध्ये चुंबक आणि सेन्सर असतो. ब्रेसलेट त्या जागेवर आलं की लॅपटॉपला वाटतं, झाकण मिटलं. ते काढून ठेवून ताईंनी दहा मिनिटं टाइप केलं, काही झालं नाही. पैसे घेतले नाहीत.

दुपारी १.००

मुलीचा लॅपटॉप उघडला. आधी बॅटरीची जोडणी सोडवली, मग पंखा काढला. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध राखाडी नमदा बसला होता, कापसाच्या तंतूंचा. चिमट्याने ओढला तर अख्खी पट्टी निघाली, बोटभर लांब. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्लोअर मारला. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने भलत्या वेगाने फिरतं आणि बेअरिंग जाऊ शकतं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी लावली, स्क्रू आवळले.

२.३०

डबा खाऊन होतोय तोच एक विद्यार्थी आला. तक्रार, "टचपॅड दाबला जात नाही." टचपॅड वर उचलला गेला होता, कारण खालची बॅटरी फुगली होती. चार्जर लगेच काढला. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, कचऱ्यात तर टाकायचीच नाही. काढून वाळूच्या डब्यात ठेवली. अशा बॅटऱ्या मी ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला देतो. वापरलेल्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचं पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. गिऱ्हाइकाने बॅटरी योग्य हाती दिली, तरच त्या नियमाला अर्थ आहे.

३.३०

परत भार टाकला. टिश्यूची पट्टी आता फडफडत होती. पण चार सेकंदांत आकडा ५० वरून ९१ वर, आणि बाराव्या मिनिटाला पुन्हा काळा पडदा.

इथेच घाई नडते. साफ केलं, पेस्ट लावली, आता मदरबोर्डच गेला असणार, असं म्हणून मोकळं होता येतं. मी आलेखाकडे बघत बसलो. धुळीचा ताप हळूहळू चढतो. इथे तर आकड्याने उडी मारली होती. म्हणजे वारा आहे, पाती मोकळी आहेत, पण प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पाइपपर्यंत पोचतच नाही. पाइपाची प्रोसेसरवर बसणारी धातूची पट्टी नीट टेकलेली नाही.

४.१५

पुन्हा उघडला. प्रोसेसरवरच्या पट्टीला सहसा चार पाय असतात, त्यांच्यापाशी १ ते ४ आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, समोरासमोर, थोडं थोडं आवळायचं. या मॉडेलमध्ये स्क्रू सुटे आहेत. चारही काढून कागदावर उभे केले. तिसरा बाकीच्यांपेक्षा दोन मिलिमीटर आखूड. मागच्या झाकणाचा स्क्रू इथे आला होता. हाताला घट्ट लागायचा, पण पट्टीला दाबत नव्हता. दुपारी मीही तोच परत बसवला होता. चारही शेजारी उभे करून बघायला हवे होते.

स्क्रूच्या डब्यातून योग्य लांबीचा शोधला. पेस्ट पुसून नव्याने लावली आणि एक, दोन, तीन, चार.

५.००

पूर्ण भार, तासभर. ७४, ७८, ७९. पुढे आकडा हलला नाही. मग तिच्या खोलीतली परिस्थिती उभी केली : दुकानातली जाड चादर खाली घातली. दहा मिनिटांत आकडा ९० वर गेला. दुरुस्ती बरोबर आहे, पण खालची हवेची वाट बंद झाली तर दुखणं फिरून येणार.

७.१५

मुलगी आली. तिला दोन्ही आलेख दाखवले, टेबलावरचा आणि चादरीवरचा.

"दादा, टेबल तर मिळणार नाही."

"परीक्षेचं पॅड आहे ना? ते गोधडीवर ठेव, त्यावर लॅपटॉप. खालच्या जाळ्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत. आणि सहा महिन्यांनी साफ करून घे."

सफाई, पेस्ट आणि एक स्क्रू एवढंच बिल केलं. जुनी बॅटरी परत दिली, अर्धी भरून, कोरड्या जागी ठेवायला सांगितलं. आखूड स्क्रू चिकटपट्टीने पावतीला लावला. पुढे कुणी लॅपटॉप उघडला, तर त्याला तो दिसायला हवा.

ती गेल्यावर रजिस्टर उघडलं. "कधी" च्या पुढच्या रकान्यात लिहिलं : धूळ, आणि तिसरा स्क्रू.