यंत्रप्रवेशिका आणि लिपिपरीक्षा
संगणकजालावरील बक्षीस-स्पर्धेत एकाच यंत्राने सहस्रावधी प्रवेशिका धाडल्या, तर प्रामाणिक स्पर्धकाची संधी नाममात्रच उरते. त्यावरील उपाय म्हणून वेडीवाकडी अक्षरे वाचावयास लावणारी ‘कॅप्चा’ परीक्षा रूढ झाली. लुई फॉन आन प्रभृतींनी तिचे विवेचन २००३ साली केले. यंत्राची खरी अडचण अक्षर ओळखण्यात नसून ते शेजारच्या अक्षरापासून विलग करण्यात होती. देवनागरीत शिरोरेषा व जोडाक्षरे यांमुळे हे काम मुळातच अवघड. तथापि परीक्षा बहुधा रोमन लिपीत! मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी या भाषा नांदणाऱ्या जिवतीसारख्या तालुक्यात ती यंत्राआधी माणसालाच अडविते. शिवाय अशी अक्षरे यंत्राने ९९.८ टक्के अचूक वाचल्याचे गूगलने २०१४ सालीच जाहीर केले. तेव्हा केवळ लिपी बदलून भागणार नाही. बक्षिसापूर्वी विजेत्याची प्रत्यक्ष पडताळणी अधिक भरवशाची. ती स्पर्धकाच्या बोलीतही करता येते.